ग्राइंडर घेताना आधी चष्म्याचे पैसे बाजूला काढा



आज कांद्याची किंवा घासाची नोंद नाही. गोठा चार खण वाढवायचं काम काढलंय आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद चालला, तो लिहून ठेवतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हाच वाद आज ना उद्या होणार आहे.

आमचं घर सावेडीत, शेत विळदच्या अलीकडं, आणि दोघांच्या मध्ये नागापूरची एमआयडीसी. सावेडी आता नावालाच गाव राहिलं, चहूकडं बिल्डिंगा झाल्या. पण आमची जनावरं आणि अवजारं शेतावर अजून टिकून आहेत. शेतावरच्या शेडमध्ये एक कोपरा आहे. तिथं ऐरण, घण, एक व्हाईस, वडलांच्या वेळची हेक्सा फ्रेम आणि गेल्या वर्षी घेतलेलं छोटं वेल्डिंग मशीन. माझा जुना ग्राइंडर मागच्या पावसाळ्यात जळाला. तेव्हापासून कापायचं काम कुणाचं तरी मशीन उसनं आणून चाललं होतं.

गोठ्यासाठी दीड इंची पाईप आणि अँगल लागणार. फॅब्रिकेशनवाल्याचा मजुरीचा आकडा ऐकून पोरगा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसला.

"अप्पा, हे बघा. चार इंची ग्राइंडर अकराशे, वर दहा चकत्या फुकट. चौदा इंची कटिंग मशीन साडेचार हजार. दोन्ही घरपोच. मजुरीच्या पैशात मशीन घरची होतात."

त्याचा हिशोब खोटा नव्हता. पाच हजार सहाशेत दोन मशीन येत होती. पण मी नाही म्हणालो. का म्हणालो ते सांगतो.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. शेतकऱ्याच्या घरी लोखंड कापायला चांगल्या बनावटीचा एक चार इंची ग्राइंडर आणि एक हेक्सा फ्रेम एवढं पुरतं. चौदा इंची मशीन एकट्यानं घेऊ नये, चारपाच जणांत घ्यावं. आणि चष्मा, गार्ड, वायर आणि आरसीसीबी यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरावेत. ते धरून जे परवडत नसेल ते आपल्याला परवडत नाही, एवढं सरळ समजावं.

आधी बघा, आपण वर्षभरात कापतो काय. मला वहीत नोंद ठेवायची सवय आहे. गेल्या वर्षी गोठ्याचं काम नसताना आमच्याकडं सत्तरच्या आसपास कट झाले. गंजून बसलेले रोटाव्हेटरचे नटबोल्ट, ठिबकच्या फिल्टरचं स्टँड, टोमॅटोच्या मांडवाचे अँगल, फाटकाचा एक गज, ट्रॉलीच्या फाळक्याची पट्टी. महिन्याला सहा कट पण पडत नाहीत. त्यातले निम्मे हातानं होण्यासारखे होते. एवढ्या कामाला साडेचार हजारांचं चौदा इंची मशीन वर्षातले साडेतीनशे दिवस पोत्याखाली झाकून राहणार.

हेक्सा ब्लेडला आजकालची पोरं हसतात. चूक त्यांची नाही, आपण त्यांना ब्लेड निवडायला शिकवलं नाही. दुकानात बारा इंची ब्लेड मागितलं की जे हाताला येईल ते दुकानदार देतो. ब्लेडवर एका इंचात किती दात आहेत ते लिहिलेलं असतं: 18, 24 किंवा 32. जाड पट्टी आणि भरीव गजाला 18, नेहमीच्या कामाला 24, पातळ पाईपला 32. ठोकताळा असा की कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. पातळ पाईपला 18 चं ब्लेड लावलं तर दात अडकतो, तुटतो आणि आपण ब्लेडला शिव्या घालतो. दात पुढच्या बाजूला तोंड करून लावायचे, पुढं ढकलताना दाब द्यायचा, मागं घेताना सोडायचा. बायमेटल ब्लेड थोडं महाग पडतं पण सहसा मोडत नाही. दीड इंची पाईपला मला पाचेक मिनिटं लागतात. दोनच कट असतील तर ग्राइंडर काढून, वायर पसरून, परत गुंडाळून ठेवण्यात तेवढाच वेळ जातो. शिवाय लाईट असो नसो, काम अडत नाही.

आता ग्राइंडर. आमच्याकडं म्हातारी माणसं त्याला 'ग्लेंडर' म्हणतात. हा मूळचा जर्मनीचा. 1954 साली फ्लेक्स नावाच्या कंपनीनं जास्त वेगाचा अँगल ग्राइंडर बाजारात आणला आणि तिकडं आजही लोक कुठल्याही कंपनीच्या ग्राइंडरला 'फ्लेक्स'च म्हणतात. आपल्या बाजारात बॉश, मकिता, डिवॉल्ट अशी नेहमीची नावं आहेत आणि बिननावाचा मालही भरपूर आहे. मी कुठल्या कंपनीची जाहिरात करायला बसलेलो नाही. घेताना काय बघायचं तेवढं सांगतो.

वॅट 650 ते 850 च्या दरम्यान असले की शेतकामाला बास. डब्यावर मोठा आकडा छापला म्हणून मशीनला तेवढी ताकद असतेच असं नाही. हातात घेऊन वजन बघा, गिअरचा डोका हलवून खेळ आहे का बघा, चालू करून आवाज ऐका. बटण बघा, मशीन हातात धरल्या धरल्या एका बोटानं बंद करता आलं पाहिजे. अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. ती असली म्हणजे आतलं इन्सुलेशन दुहेरी आहे. गार्ड आणि बाजूची मूठ डब्यात आहे का ते दुकानातच उघडून तपासा. कार्बन बाहेरून बदलता येतो का विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्याचा कार्बन, स्विच, आर्मेचर नगरच्या बाजारात त्याच दिवशी मिळतं का हे विचारा. ऊस तुटायला आलाय, ट्रॉलीचा हूक तुटलाय आणि आपलं मशीन दुरुस्तीला कुरिअरनं कुठंतरी गेलंय, असं झालं तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? माझा जुना ग्राइंडर असाच बिननावाचा होता. आर्मेचर जळालं, तेव्हा चार दुकानं फिरलो, तसं आर्मेचर कुणाकडंच नव्हतं. बाकी मशीन चांगलं असून भंगारात घातलं.

मशीनपेक्षा जास्त लक्ष चकतीवर द्या. कापते चकती, आणि फुटते पण चकतीच. पोराला फुकट मिळणाऱ्या दहा चकत्यांचं आकर्षण होतं. मी म्हटलं, त्या दहांवर काय लिहिलंय ते आल्यावर वाचता येईल का? चांगल्या चकतीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात. एक, माप. दोन, जास्तीत जास्त किती फेरे. चार इंचीवर साधारण 15,000 च्या पुढचा आकडा असतो आणि सोबत सेकंदाला 80 मीटर. तीन, मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष. चकतीची वाळू राळेनं धरून ठेवलेली असते. ओल खाल्ली, जुनी झाली की ती पकड ढिली पडते. म्हणून तीन वर्षांची मुदत धरतात. आपण औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, बियाण्याच्या पिशवीवरची बघतो, चकतीवरची बघत नाही. शेडच्या भिंतीला खिळ्यावर चार पावसाळे टांगलेली चकती निमूटपणे लावतो.

हिशोब करून बघा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे मारतो. चकतीची कड त्या वेगानं ताशी 200 किलोमीटरच्या वर पळत असते. तिचा तुकडा सुटला तर त्याच वेगानं सुटतो. त्यात काही जण गार्ड काढून, बुश घालून सात इंची चकती चार इंची मशीनवर चढवतात, जास्त खोल कापतं म्हणून. सात इंची चकतीवर मर्यादा लिहिलेली असते 8,500 फेऱ्यांची. तिला 11,000 वर फिरवायचं म्हणजे फुटायचं आमंत्रणच. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरवर चढवणारे पण मी बघितलेत. ती अडकली की मशीन हातातून उसळतं आणि थेट मांडीवर नाहीतर गळ्याकडं येतं. हे दोन प्रकार बंद झाले तर निम्मे अपघात होणारच नाहीत असं माझं मत आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. 2019 च्या उन्हाळ्यात कल्टिव्हेटरचे दोन बोल्ट कापत होतो. दोनच बोल्ट, चष्मा कशाला, असं म्हणून बसलो. गार्ड पण काढलेला होता. उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. पाणी मारलं, धोतराच्या शेवानं पुसलं, झोपलो. सकाळी डोळा लाल आणि उघडता येईना. नगरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सांगितलं, लोखंडाचा कण बुबुळात रुतलाय आणि रात्रभरात त्याभोवती गंजाचं कडं धरलंय. सुन्न करायचे थेंब घालून आधी कण काढला, मग ते कडं बारीक हत्यारानं खरवडून काढलं. आठ दिवस पट्टी, थेंब, मलम. नजर वाचली. कण बाहुलीच्या बाजूला होता म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. त्या दोन बोल्टांची किंमत मी आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती, आज सांगतो.

माझा भाचा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फॅब्रिकेशनला आहे. डोळ्याला पट्टी बांधून बसलो होतो तेव्हा तो भेटायला आला. म्हणाला, "मामा, कंपनीत चष्म्याशिवाय ग्राइंडरला हात लावला तर सुपरवायझर त्याच घडीला बाहेर काढतो." मी म्हटलं, बरोबर आहे. पण हाच भाचा दिवाळीला आमच्या शेडमध्ये फाटकाचं काम करत होता तेव्हा त्याच्या डोळ्यावर काही नव्हतं. त्याला आठवण करून दिली. तो हसला आणि म्हणाला, "घरचं काम होतं ना."

माझ्या मनात तेच बसलंय. हात तोच, चकती तीच, लोखंड तेच. कारखान्याच्या गेटच्या आत त्याचा डोळा मोलाचा आणि पाच-सहा किलोमीटरवर मामाच्या शेडमध्ये फुकटचा. कारखान्यातल्या माणसासाठी 1948 च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचं वेगळं 35 वं कलम घातलं होतं. मळणी यंत्रात शेतमजुरांचे हात जायला लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. आपल्या शेडमध्ये मात्र कुणी सुपरवायझर येणार नाही आणि यावा असंही मी म्हणत नाही. तिथं सुपरवायझर आपणच.

आणि पैशाचंच बोलायचं तर तेही बोलू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर 1 लाख रुपये मिळतात. तेही कागदपत्रं जुळली तर. दीडशे रुपयांचा चष्मा न घालता आपण लाखाचा डोळा पणाला लावतो. उन्हाचा गॉगल चालणार नाही, तो फुटून त्याचेच तुकडे आत जातात. बाजूनं बंद असलेला, कामाचा चष्मा घ्या. चकतीचं काम जास्त असेल तर वरून तोंडावर झाकण येईल अशी शील्ड घ्या. आणि चष्मे दोन घ्या, कारण पाईप धरायला उभा असलेला माणूस पण माणूसच असतो. बहुतेक वेळा ती आपली बायको किंवा पोरगं असतं.

गार्ड लावला की कापलेलं दिसत नाही, असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. गार्डची चिमट ढिली करून तो फिरवता येतो हे मला फार उशिरा कळलं. ठिणग्या आपल्यापासून लांब जातील आणि गार्डची बंद बाजू आपल्याकडं राहील असा फिरवून घट्ट करायचा. रेघ आधी नीट मारली असेल तर दिसायला काही अडत नाही. पाईपला सरळ कडेचा कागद गुंडाळून, कड कडेला जुळवून रेघ मारा, कट आपोआप सरळ येतो. पाईप पायाखाली दाबून कापू नका, व्हाईसला किंवा क्लॅम्पला धरा. आणि कापताना तुकडा खाली झुकून फट उघडत जाईल असा आधार द्या. दोन्ही टोकांना विटा ठेवून मध्ये कापलं की पाईप मध्ये दबतो, फट मिटते, चकती चेपते आणि मशीन उसळतं. एक मिलीच्या कापायच्या चकतीनं घासायचं काम तर कधीच करायचं नाही. घासायची जाड चकती वेगळी असते.

चौदा इंची मशीनबद्दल माझा राग नाही. शंभर तुकडे एका मापाचे कापायचे असतील तर त्यासारखं दुसरं काही नाही. दीड इंची पाईपला चार इंची ग्राइंडरनं मिनिटभर जातो आणि पाईप फिरवावा लागतो, चौदा इंची पंधरा-वीस सेकंदांत काटकोनात कापतं. पण ते दोन हजार वॅटच्या पुढचं मशीन आहे. चालू होताना करंट कितीतरी पट ओढतं. आपल्या वस्तीवरचा सिंगल फेज संध्याकाळी कसा असतो ते तुम्हाला माहिती आहे. त्यात शंभर फूट लांब आणि एक एमएमची बारीक वायर जोडली तर भरलोडला दहा-बारा व्होल्ट वायरीतच जातात आणि चालू होताना त्याच्या चौपट. मशीन गुरगुरतं, गरम होतं, वाइंडिंग जळतं आणि आपण कंपनीला दोष देतो. त्याला अडीच एमएमची वायर आणि 16 अँपिअरचा बोर्डच पाहिजे. चांगल्या बनावटीचं घ्यायला गेलं तर आठ-दहा हजार पडतात. पाच जणांत घेतलं तर माणशी दोन हजार. ज्या गटांनी अवजार बँक केली आहे त्यांनी ट्रॅक्टरच्या अवजारांसोबत हे एक मशीन ठेवलं तर गावातल्या प्रत्येकाची खरेदी वाचेल. आम्ही गोठ्यासाठी ओळखीच्या माणसाकडून दिवसाला तीनशे रुपयांनी दोन दिवस आणलं. एकशे दहा कट झाले, मशीन परत गेलं, विषय संपला.

बॅटरीवरचा ग्राइंडर घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. विहिरीवर, मांडवात, जिथं वायर पोचत नाही तिथं सोयीचा आहे यात शंका नाही. पण 18 व्होल्ट 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 72 वॅट-अवर वीज मावते. जोर लावून सलग कापलं तर दहा मिनिटांच्या आसपास संपते. म्हणजे दोन बॅटऱ्या पाहिजेत आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या मशीनला बसत नाही. ज्याचा धंदाच आहे त्यानं घ्यावा. वर्षाला सत्तर कट करणाऱ्यानं विहिरीवर हेक्सा ब्लेड न्यावं.

ग्राइंडर घरात आला की सगळं त्यानंच कापावंसं वाटतं. तीन गोष्टी त्यानं करू नका.

एक, रिकामा ड्रम. डिझेलचा, ऑइलचा, औषधाचा, थिनरचा, कसलाही. रिकामा दिसतो पण आत वाफ असते. ठिणगी आत गेली की तो बाँबच. पाण्याची टाकी करायला किंवा जनावरांना कुंडी करायला ड्रम कापताना माणसं गेलेली आहेत. ड्रम छिन्नी-हातोडीनं पण उघडू नका, दुसरं काहीतरी वापरा.

दोन, रंगीत पत्रा. ग्राइंडरनं कापला की कडेचा रंग आणि जस्त जळतं, गरम ठिणग्या पत्र्यावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात तिथं गंजाचे ठिपके उठतात. पत्र्याला पत्र्याची कात्री. दोनशे-तीनशे रुपयांत मिळते.

तीन, कोयता, विळा, खुरपं यांची धार. चकतीवर धरलं आणि कड निळी पडली की पाणी उतरलं म्हणून समजा. मग ते कितीही घासा, धार टिकत नाही. लोहारानं पाणी देऊन केलेलं काम आपण अर्ध्या मिनिटात घालवतो. धार लावायला दगड किंवा कानस, आणि ग्राइंडर लावायचाच तर टेकवून उचलत, पाण्यात बुडवत.

आगीचं पण सांगतो. कारखान्यात वेल्डिंग-कटिंगच्या जागेपासून 35 फुटांच्या आत जळण्यासारखं काही ठेवायचं नाही असा नियम धरतात. आपल्याकडं शेडला लागूनच कडब्याची गंज असते. ठिणगी पडल्या पडल्या पेट घेत नाही, आत धुमसत राहते. आपण काम आटोपून जेवायला जातो आणि तासाभरानं धूर दिसतो. म्हणून कडब्याच्या बाजूला तोंड करून कापू नका, जवळ पाण्याची बादली भरून ठेवा आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

विजेचं एकच सांगतो. शेडच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वायर कुठं सोलली, ओल्या जमिनीवर पाय आहे, हातात मशीन आहे, अशा वेळी करंट अंगातून जायला लागला की तो लगेच लाईन तोडतो. त्यासोबत अर्थिंगही नीट पाहिजे, एक आहे म्हणून दुसरं सोडायचं नाही.

आता कुणी म्हणेल, अप्पा एवढं सगळं करण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याला द्यावं. काही कामं द्यावीतच. ट्रॉलीचा हूक, लोडरचं काम, जिथं तुटलं तर माणूस मरेल ते काम शिकलेल्या हाताचं आहे. गावातला लोहार पण जगला पाहिजे. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहाराला हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. तुमच्या गावच्या लोहाराला ती माहिती नसेल तर सांगा. फाटक, स्टँड, गव्हाणीचा पाईप एवढं आपण करावं.

शेवटी आमचा वाद कसा मिटला ते लिहितो. मी आणि पोरगा दोघं मिळून बाजारात गेलो. 670 वॅटचा ग्राइंडर 2,400 रुपये. तारीख बघून घेतलेल्या वीस चकत्या 600. दोन चष्मे आणि एक शील्ड 500. आरसीसीबी डब्यासकट 1,500. दीड एमएमची तीन पदरी वायर बोर्डासकट 900. बायमेटल ब्लेडं 300. एकूण 6,200 रुपये. पोराच्या दोन मशीनींपेक्षा सहाशे जास्तच गेले आणि घरी आलं एकच मशीन. येताना तो गप्प होता. मला वाटलं, नाराज आहे.

दुसऱ्या दिवशी पहिला पाईप त्यानंच लावला. मी टोक धरायला उभा राहिलो. मशीन चालू करायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, तुमचा चष्मा?" माझा खिशातच होता.

कृषी खात्यातली, विज्ञान केंद्रातली आणि राहुरीच्या विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाची जी मंडळी हे वाचतात त्यांना एक विनंती. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरच्या प्रशिक्षणात शेडमधल्या ग्राइंडरला एक तास द्या. चकतीवरचे आकडे कसे वाचायचे आणि गार्ड कसा फिरवायचा, एवढं दाखवलं तरी पुष्कळ आहे. हे मशीन आता घरोघरी पोचलंय.

आणि शेतकरी भावांना एवढंच, की आज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन खिळ्यावर टांगलेल्या चकतीची तारीख बघा. आमच्याकडं दोन निघाल्या, 2020 मध्ये मुदत संपलेल्या. मोडून टाकल्या.